पाणी कुठलं, बातमी कुठली

२०२१ च्या जुलैतली गोष्ट. कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. पावसानं तीन दिवस उसंत दिली नव्हती, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलेलं, लाईट गेलेली. रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. बोलणारा धापा टाकत होता. "कोयनेतनं पन्नास टीएमसी पाणी सोडलंय. सकाळपर्यंत काय ऱ्हात न्हाई. जनावरं सोडा, माणसं हलवा." आवाजामागं पाऊस ऐकू येत होता, त्यामुळं ते आणखीच खरं वाटलं.

मी तो मेसेज आमच्या दूध संस्थेच्या सचिवांना पाठवला. गाव त्यांना अण्णा म्हणतं. वर एक ओळही लिहिली नाही, नुसता ढकलला. अर्ध्या तासात गल्लीतलं पोरगं पळत आलं. "सर, डेअरीवर अण्णा सांगालेत, कोयना सोडलीया म्हणून!" मला वाटलं, चला, खात्री झाली. अण्णांनी तहसीलदार कचेरीत फोन लावला असणार. मग मीही दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ठामपणे सांगायला लागलो.

अकरा वाजता अण्णांशी बोलणं झालं. म्हटलं, "अण्णा, तुम्हाला नक्की कुणाकडनं कळलं?"

"म्हंजे? सर, तुम्हीच की पाठवलासा! तुमचं आलं म्हणून तर मी स्पीकरवरनं सांगितलं."

माझीच बातमी गावाला वळसा घालून, खात्रीचा शिक्का मारून माझ्याकडं परत आली होती. तोवर वरच्या गल्लीतल्या लोकांनी ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यात काढल्या होत्या. खरं तर त्यांना हलायची काहीच गरज नव्हती. खालच्या गल्लीतल्यांना मात्र खरोखर निघायचं होतं, आणि त्यांची वाट चिखलात अडकून पडली. सकाळी पाणी वाढलं होतं, नाही असं नाही. पण ते वेदगंगेवरच्या पाटगाव धरणाकडच्या पावसाचं होतं. कोयनेचा त्यात थेंब नव्हता.

लाज वाटण्याचं दुसरं कारण असं की मी तीस वर्षं गणित शिकवलं. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साठलेल्या पाण्याचं माप. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, हे वाहत्या पाण्याचं माप. सतत २४ तास ११,५७४ क्युसेक सोडलं तर एक टीएमसी होतं. पन्नास टीएमसी एका दिवसात सोडायचं तर पावणेसहा लाख क्युसेकच्या वर सोडावं लागेल. कोयनेची अख्खी साठवणच १०५.२५ टीएमसी. म्हणजे जवळपास अर्धं धरण एका रात्रीत रिकामं. हा हिशेब सातवीतलं पोर पाटीवर करेल. मी केला नाही, कारण त्या वेळी मला आकडा ऐकूच आला नाही. मला फक्त धाप ऐकू आली.

गावातल्या अण्णांसारख्या माणसाला संज्ञापनाचे अभ्यासक 'ओपिनियन लीडर' म्हणतात. मराठीत मतप्रवर्तक किंवा जनमत घडवणारा. शब्द जड आहे, पण माणूस ओळखीचा आहे. १९४० साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती तेव्हा पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातल्या ईरी परगण्यात लोकांना पुन्हा पुन्हा भेटून विचारत होते, तुम्ही मत कशावरून ठरवता? रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांना थेट वळवत असतील असा समज होता. निघालं वेगळंच. बहुतेकांवर ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा परिणाम जास्त होता, आणि ही ओळखीची माणसं मात्र रेडिओ-पेपर इतरांपेक्षा जास्त ऐकत-वाचत होती. म्हणजे बातमी आधी त्यांच्याकडं यायची आणि त्यांच्या तोंडून पुढं जायची. याला दोन टप्प्यांचा प्रवाह म्हणतात. पुढं एलिहू कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी डेकेटर गावातल्या स्त्रियांचा अभ्यास १९५५ मध्ये छापला. त्यात दिसलं की असा माणूस गावातला सगळ्यात मोठा असतो असं नाही. विषयागणिक तो बदलतो. बाजारहाटाचं एकीला विचारतात, कपड्यांच्या फॅशनचं दुसरीला.

आमच्याकडं काय वेगळं आहे? उसाच्या बिलाचं एकाला विचारायचं, बाळाच्या डोसाचं आशाताईंना, रेशन कार्डाच्या कन्नड अर्जाचं पंचायतीतल्या पोराला. आणि पाण्याचं? पूर्वी पाण्याचं विचारायचं ते नदीला मोटार असलेल्या माणसाला. काठावर उपसा पंप असलेले शेतकरी पाणी चढायला लागलं की मोटारी वर ओढतात. कुणी किती टप्पे वर ओढली यावरून गावाला पाण्याची चाल कळायची. 'खालच्यांनी मोटारी काढल्या' एवढं ऐकलं की बायका धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागायच्या. हवामान खात्याचा लाल इशाराही इतका कुणी मनावर घेत नसे.

आता त्या मोटारवाल्यालाही आधी फोन बघावासा वाटतो. दोन टप्पे अजून आहेतच, पण पहिल्या टप्प्यावर रेडिओ आणि संपादकाच्या नजरेखालून गेलेला पेपर होता, तिथं आता कुणाचीच नजर न लागलेला फॉरवर्ड आलाय. ज्याच्यावर गाव विसंबतं तो स्वतः कशावर विसंबतो, हे गावाला दिसत नाही.

संकटात हे विसंबणं का वाढतं, याचं एक उत्तर सॅन्ड्रा बॉल-रोकीच आणि मेल्विन डीफ्ल्युअर यांनी १९७६ मध्ये मांडलं. रोजचं चाललेलं असतं तेव्हा माणसाला जगाची माहिती स्वतःच्या डोळ्यांनी, शेजारपाजाऱ्यांकडून पुरेशी मिळते. घडी विस्कटली, नेहमीचे आडाखे चालेनासे झाले, की तो माध्यमांकडं धाव घेतो. पूर आला की माझा अंगणातला अनुभव तोकडा पडतो. मला धरणाचं, पुलाचं, पुढच्या आठ तासांचं कळायला हवं असतं. ते अंगणातून दिसत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये अफवेचं सूत्रच सांगितलं होतं. विषय जिव्हाळ्याचा हवा आणि माहिती धूसर हवी. दोन्ही मिळालं की अफवा फोफावते, आणि यातलं एक जरी शून्य झालं तरी गुणाकार शून्य. हे मात्र मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवलं असतं.

याहून जवळचं उदाहरण बिहारचं आहे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं लोकांच्या तोंडच्या अफवा गोळा केल्या. ज्यांना हादरे बसले पण ज्यांचं घर पडलं नव्हतं अशा भागात त्या ऐकू येत होत्या. आता पाटण्यावर वादळ येणार, आता अमुक तारखेला याहून भयंकर काही होणार. डोळ्यासमोर पडझड नाही, पण छातीत धडधड आहे. त्या धडधडीला काहीतरी कारण हवं असतं, आणि अफवा ते पुरवते. आमच्या वरच्या गल्लीचं हेच झालं. पाण्यात उभा असलेला माणूस अफवा ऐकत बसत नाही, तो भांडी उचलतो.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही गावाला लागू आहे. सीमाभागाची गोष्ट जरा जास्त गुंत्याची.

आधी नद्या बघा. राधानगरीचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. कोयनेचं पाणी कृष्णेतूनच येतं. ही सगळी कृष्णा शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा ओलांडून कर्नाटकात शिरते. काळम्मावाडीचं पाणी दूधगंगेतून, पाटगावचं वेदगंगेतून. या दोघी आमच्याच मुलखात एक होतात आणि सदलग्यावरून पुढं कल्लोळजवळ कृष्णेला मिळतात. म्हणून इकडच्या बातमीत आकडा असा फोडून येतो, राजापूरहून इतकं, दूधगंगेचं इतकं, मिळून कल्लोळला इतकं.

आता 'राधानगरीचे दरवाजे उघडले' असा मेसेज आला की येडूर, मांजरी, अंकलीच्या माणसानं कान टवकारायला हवेत. वेदगंगेकाठच्या माझ्यासाठी त्याचा थेट अर्थ फारसा नाही. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी किंवा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, तोही माझ्या नदीचा आकडा नव्हे. फारसा अर्थ नाही म्हटलं, अजिबात नाही असं नाही म्हटलं. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेच्या पाण्याला उतार मिळत नाही, फुग मागं चढते आणि कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज असले बंधारेवजा पूल लवकर वर येत नाहीत. एवढं बारकं सांगणारा फॉरवर्ड मी अजून पाहिलेला नाही. फॉरवर्डला नदी नसते, त्यात नुसतं पाणी असतं.

मग भाषा. धरणं महाराष्ट्रात, त्यामुळं विसर्गाची पहिली बातमी मराठीत, कोल्हापूर-सांगलीकडून. गाव कर्नाटकात, त्यामुळं स्थलांतराची, निवारा केंद्राची, शाळेच्या सुट्टीची सूचना कन्नडमध्ये, बेळगावकडून. मराठी वाहिन्यांची पूरवार्ता कागलला थांबते. कन्नड सूचना येते ती आमच्या पिढीला अर्धी कळते. आणि अर्धं कळणं न कळण्यापेक्षा वाईट. 'प्रवाह' हा शब्द घ्या. कन्नडमध्ये त्याचा अर्थ महापूर. मराठी माणूस वाचतो तेव्हा त्याला वाटतं, नदीला जरा ओढ आहे. 'प्रवाह एच्चरिके' म्हणजे पुराचा इशारा, आणि आम्ही समजतो पाण्यात उतरू नका. आमच्या घरात ही दुभाषेगिरी नातीकडं आहे. शाळेत कन्नड शिकते म्हणून पूर आला की दहा वर्षांची मुलगी घरची ओपिनियन लीडर होते.

भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं केंद्राचं १९५६ चं निवेदन आहे. एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असं त्यात सुचवलंय. सीमाप्रश्नाचं राजकारण क्षणभर बाजूला ठेवा. पुराच्या सूचनेपुरतं तरी हे कुणाला खटकायचं कारण नाही. कारण ती मोकळी जागा रिकामी राहत नाही. तिथं व्हॉट्सॲप येऊन बसतं.

म्हणून मी फोनला सरसकट शिव्या घालणाऱ्यांपैकी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हायवे बंद पडला, कोल्हापूरला पंचगंगा ५५ फुटांवर गेली, तेव्हा कुठला पूल पाण्याखाली गेला हे आम्हाला पाहुण्यांनी काढलेल्या व्हिडिओंतूनच कळत होतं. लेकी तिकडं दिलेल्या, सुना तिकडच्या आणलेल्या. सोयरिकीला सीमा नाही, त्यामुळं नदीच्या वरच्या अंगाला प्रत्येक घराचा एक तरी वार्ताहर आहे. भुदरगडातला साडू 'आमच्या दारात पाणी आलं' म्हणतो तेव्हा ती बातमी कुठल्याही सरकारी पत्रकाच्या आधी येते, आणि बहुधा खरी असते. तोही मोबाईलच, आणि धाप टाकणारा व्हॉइस मेसेजही मोबाईलच. फरक एवढाच की साडूला परत फोन लावता येतो.

जाता जाता, एक गंमत. पुरात लाईट जाते, आणि आमच्या गावात इन्व्हर्टर डेअरीत. ज्याच्या फोनला चार्जिंग, त्याच्याभोवती माणसं. अण्णांचं निम्मं पुढारपण त्या चार दिवसांत बॅटरीचं असतं, हे ते स्वतःच हसत सांगतात.

फॉरवर्डचा धोका व्हॉट्सॲपला कळला तो फार महागात पडून. २०१८ मध्ये पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते मूळचे मंगळवेढ्याकडचे. तेरा जुलैला आपल्याच राज्याच्या दुसऱ्या सीमाजिल्ह्यात, बिदरमध्ये, मुर्कीजवळ एका तरुणाचा असाच जीव गेला. त्या काळात फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृतीसाठी केलेला होता. शेवटचा खुलाशाचा भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात कंपनीनं फॉरवर्डवर तसं लेबल लावलं आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, खूप वेळा फिरलेला म्हणजे दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असल्या मेसेजचं फिरणं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनंच नंतर सांगितलं.

चांगलं आहे. पण त्या रात्री माझ्या फोनवरच्या मेसेजवर दुहेरी बाण होता. मी तो बघितला होता का? नाही. आणि बघितला असता तरी अण्णांच्या स्पीकरवर तो बाण कुठं ऐकू येणार होता? फोनमधून तोंडात येताना बातमीचं लेबल गळून पडतं. पडद्यावर असतं 'अनेकदा फॉरवर्ड केलेलं', तोंडातून बाहेर येतं 'अण्णा म्हणाले'. अण्णांनी वीस वर्षं दुधाचा फॅट कमी दाखवून कुणाचा एक पैसा मारला नाही, ही पुण्याई त्या अनोळखी धापेला आयती मिळते. कुठल्याही कंपनीला या जागी मर्यादा घालता येत नाही.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. डिसेंबर २०२२ आठवा. सीमावादावरून सहा तारखेला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, एसटी बंद पडली, दोन्हीकडं वातावरण तापलं. १४ तारखेला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना, एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई यांना, समोरासमोर बसवलं. बैठकीनंतर शहांनी सांगितलेल्या गोष्टींत एक अशी होती की बड्या नेत्यांच्या नावानं चालवलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हा वाद चिघळवला, आणि त्याबद्दल गुन्हे दाखल होतील. त्या आठवड्यांत गावातल्या पारावर आम्ही जे त्वेषानं बोलत होतो, त्यातलं कुठलं खऱ्या तोंडून आलं होतं आणि कुठलं खोट्या खात्यावरून, हे मला आजही सांगता येणार नाही. पारावर ट्वीट कुणी वाचलेलं नव्हतं. सगळ्यांनी ते कुणाकडून तरी ऐकलं होतं.

खोटं वेगानं पळतं हे म्हणीत आहेच, पण मोजलंही गेलंय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभ्यासकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. खोटी बातमी पुढं पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती. १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्याला खोट्यापेक्षा सहापट वेळ लागत होता. आणि यात यंत्रांचा दोष नव्हता, माणसंच पाठवत होती, कारण खोटं जास्त नवलाचं असतं. हा अभ्यास ट्विटरचा आहे, व्हॉट्सॲपचा नव्हे, हे ध्यानात ठेवून वाचायचं. तरी आकडा बोलका आहे.

कायदाही आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ५४. आपत्तीबद्दल घबराट पसरवणारा खोटा इशारा दिला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. माझ्यासारख्याला घाबरवायला ठीक, पण रात्री साडेनऊला कलम कुणाला आठवतंय?

त्यापेक्षा आम्ही दुसरं काहीतरी केलं. एका दुपारी डेअरीत बसून अण्णांनी, मी आणि नदीला मोटार असलेल्या दोघांनी ठरवलं, पाण्याची बातमी स्पीकरवर जाण्याआधी तिला काय काय विचारायचं. कुठली नदी? कुठलं धरण किंवा बंधारा? किती वाजताचं? क्युसेक की टीएमसी? आणि शेवटचं, म्हणणारा कोण, त्याला परत फोन लावता येतो का? शंका राहिली तर १०७७ ला, म्हणजे जिल्हा नियंत्रण कक्षात विचारायचं. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच ॲप २०२३ पासून आहे, ते नातीच्या फोनवर घातलंय. एक अट मी माझ्यावर घातली. माझ्याकडून अण्णांकडं गेलेली बातमी अण्णांकडून आली तर तिला दुसरा दुजोरा धरायचा नाही. पेपरवाले दोन स्वतंत्र सूत्रं म्हणतात, त्यातला 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

सगळ्यात अवघड गेलं ते अण्णांना 'मला माहीत नाही' म्हणणं. ते मला म्हणाले, "सर, लोक विचाराय येत्यात आणि मी माहीत न्हाई म्हणू? मग डेअरीवर येतील कशाला?" बरोबर आहे त्यांचं. ज्याला गाव विचारतं त्याच्यावर उत्तर असण्याची सक्ती असते. लोकांना पटकन काहीतरी हवं असतं, आणि फोनमध्ये ते कायम तयार असतं. त्यांच्या या पेचावर माझ्याकडं तोडगा नव्हता. तो त्यांनीच काढला.

डेअरीच्या भिंतीला दर आणि फॅट लिहायचा काळा फळा आहे. गेल्या पावसाळ्यापासून पाणी वाढायला लागलं की अण्णा त्याचा खालचा अर्धा भाग पुसतात आणि खडूनं चार रकाने आखतात. वेळ, ठिकाण, काय कळलं, कुणाकडून. एका रात्री मी छत्री मिटून आत गेलो तेव्हा आठ-दहा जण टॉर्च मारून फळा वाचत उभे होते. वरच्या दोन ओळींत पाटगावचा आणि काळम्मावाडीचा विसर्ग होता, तासासकट. तिसरी ओळ अण्णांच्या तिरक्या अक्षरात अशी होती: "९.४० — सदलगा पूल — कळलं नाही — पाव्हण्यानं फोन उचलला नाही."

कुणीतरी म्हणालं, "परत लावा की." अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "धा वाजता लावतो." आणि सगळे तिथंच दुधाच्या कॅनवर बसून राहिले.